शेजार नसलेलं घर

सिडकोतल्या आमच्या भाड्याच्या खोलीला आणि शेजारच्या काकूंच्या खोलीला मिळून एकच भिंत होती, चार इंची. पप्पा आईला मारायला लागले की पलीकडून काकू लाटण्यानं त्या भिंतीवर ठोकायच्या. तीन वेळा, सावकाश. मग पप्पांचा हात थांबायचा. अगदी लगेच नाही; उचललेली लाथ बसायचीच. पण थांबायचा.

याबद्दल दोन्ही घरांत कधी कुणी एक शब्द काढला नाही. सकाळी नळावर काकू आईशी पाण्याचं, भाजीचं, पोरांच्या परीक्षांचं बोलायच्या. एकदाच पप्पा भडकून त्यांच्या दारात गेले होते. ‘आमच्या भिंतीवर ठोकता कशाला?’ काका बनियनवर बाहेर आले. एसटीचे ड्रायव्हर, दाराच्या चौकटीत मावणार नाहीत इतके रुंद. म्हणाले, ‘भिंत आमचीपण आहे ना भाऊ.’ पप्पा परत आले. त्या दिवसापासून ते आधी उठून टीव्हीचा आवाज मोठा करायला लागले. मी तेव्हा पाचवीत होते. दुसऱ्या कुणाच्या घरी टीव्हीचा आवाज अचानक वाढला तरी मी ठोक्यांची वाट बघायला लागायचे.

पप्पा दारू पीत नव्हते. हे सांगावं लागतं, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो. अंबडला एका कारखान्यात ते लेथ मशीनवर होते. शिफ्ट चुकवायची नाही, डबा उरवायचा नाही, पगार आईच्या हातात. कामात इतके चोख, की सुपरवायझर नवी माणसं शिकायला त्यांच्याच मशीनवर पाठवायचा. घरात मात्र भाजीत मीठ जास्त पडलं, आईनं मध्येच उत्तर दिलं, आई काहीच बोलली नाही, यातलं काहीही पुरायचं.

मी सहावीत गेले तेव्हा घरमालकानं खोली सोडायला सांगितली. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. आता स्वतःचंच घर करायचं, असं पप्पांनी जाहीर केलं आणि घरात महिनाभर दुसरा विषय राहिला नाही.

दोन गोष्टी समोर होत्या. पाठीमागच्याच गल्लीत एक घर विकायला निघालं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे तुळशीपुरती जागा. मालक रिटायर होऊन गावी निघाला होता. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. आणि दुसरीकडे, पाथर्डी फाट्याच्या पुढे शेतात पाडलेल्या गुंठेवारीतला एक प्लॉट. रस्ता कच्चा, वीज यायची होती, पाणी बघावं लागणार होतं. आमच्या ऐपतीत दोन्हीपैकी एकच बसत होतं.

पप्पांना बांधायचं होतं. ‘दुसऱ्याचं घर घेणं म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या चुकांत राहायचं,’ ते म्हणायचे. ‘आत सळई किती जाडीची घातली, सिमेंट किती मारलं, कुणाला माहीत? आपण बांधू. एक-एक खोली करू. भिंती सगळ्या नऊ इंची.’ वहीच्या मागच्या पानावर ते नकाशे काढायचे. फार सुंदर काढायचे. दार कुठल्या बाजूला उघडेल, त्याची कमानसुद्धा पेन्सिलीनं दाखवायचे.

आई म्हणायची, तयार घरात सामान टाकलं की राहता येतं. शाळा जवळ आहे. पावसात पोरगी चिखलातून कशी येणार? बांधकाम सुरू केलं की ठरवलेल्या पैशात कधी संपत नाही. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ती ते अडखळत, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलायची. पप्पा प्रत्येक मुद्दा खोडायचे.

शेवटी एका शनिवारी दिंडोरीहून मामाला बोलावलं. आईचा धाकटा भाऊ, द्राक्षबागांवर ट्रॅक्टर चालवायचा आणि फवारणीची कामं घ्यायचा. त्यानं दोन्ही जागा पाहिल्या, जेवला आणि म्हणाला, ‘अक्का, दाजी बरोबर बोलून राहिले. घर जुनं होतं, जमीन जुनी होत नाय.’

आई ताटं उचलत होती. उभी राहिली. म्हणाली, ‘मला शेजार हवाय.’

मामा हसला. ‘शेजार काय, येईल की हळूहळू. सगळे प्लॉट विकून राहिले तिकडं.’

मामाला साडेचारच्या गाडीवर सोडून पप्पा परत आले तेव्हा मी अंगणात होते. त्यांनी टीव्ही लावला. भावासमोर आपल्याविरुद्ध बोलली, एवढंच कारण होतं. गुंडाळायच्या मोजपट्टीचा स्टीलचा डबा, प्लॉटवर नेलेला, तसाच खिशात होता. त्यांनी तो मुठीत धरून तिच्या पाठीत, खांद्यावर, कानावर मारला. कानामागची कातडी फाटली. मी दारात उभी होते. थोड्या वेळानं भिंतीवर आवाज आला. ठक. ठक. ठक.

पप्पा थांबले. धाप लागली होती. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि आईला शांतपणे म्हणाले, ‘तिथं कोण ठोकतंय बघू.’

आईला बांधायचं का नव्हतं, ते मला त्या क्षणी समजलं. मामाला, काकूंना, मैत्रिणीला, कुणाला म्हणजे कुणालाच मी ते सांगितलं नाही. सांगायचं तरी कुठल्या शब्दांत?

प्लॉट घेतला.

आता खरं सांगायचं तर बांधकामाचे ते आठ-नऊ महिने पप्पा चांगले होते. शिफ्ट संपवून सायकलवर थेट प्लॉटवर जायचे. मीही शाळेतून जायचे. भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा कसा सोडायचा, तो हलायचा थांबेपर्यंत श्वास कसा रोखायचा, हे त्यांनी मला शिकवलं. विटांना पाणी मारताना ते माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. ‘भिंतीला पहिले पंधरा दिवस पाणी दिलं की ती शंभर वर्षं विसरत नाही.’ पाणी आम्ही पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणायचो. मळा एका भाजीवाल्या कुटुंबाचा होता. कोबी, मेथी आणि कडेनं झेंडू. विहिरीपासून जोत्यापर्यंत आई डोक्यावरून हंडे आणायची. दिवसाला चाळीस-पन्नास खेपा.

स्लॅबच्या दिवशी पंधरा-वीस माणसं होती. मिक्सर धडधडत होता, घमेली हातोहात वर चालली होती. मजुरांना दुपारी कांदेपोहे द्यायचे ठरलं होतं. स्टोव्ह पेटेना म्हणून आईला उशीर झाला. ती पातेलं घेऊन आली तेव्हा पप्पा खाली उभे होते. त्यांनी पायाजवळचा विटेचा अद्धा उचलला आणि तिच्यावर फेकला. तो तिच्या नडगीवर बसला. पातेलं सांडलं. आई खाली बसली, आणि साडीवर रक्ताचा डाग मोठा होत गेला.

सगळे थांबले. वरची माणसं, घमेलं हातात धरलेल्या बाया, मिक्सरवाला. एक बाई पुढे यायला निघाली होती. तेवढ्यात ठेकेदार वरून ओरडला, ‘चला रे, माल घट्ट होतोय!’ आणि सगळे पुन्हा कामाला लागले. त्याचंही खरं होतं. ओला माल थांबत नाही. संध्याकाळपर्यंत स्लॅब पडला. उत्तम पडला. इतक्या वर्षांत त्यातून पाण्याचा एक थेंब गळला नाही.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही राहायला गेलो. सिडकोतल्या काकू वास्तुशांतीला आल्या होत्या. जेवण झाल्यावर त्या घराभोवती एक चक्कर मारून आल्या. उत्तरेला कोबी, पूर्वेला दगडांनी आखलेले रिकामे प्लॉट, पश्चिमेला दोन वावरं सोडून मळ्यातलं घर. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि आईला म्हणाल्या, ‘फारच जाड भिंती आहेत गं.’ आईनं त्यांची ओटी भरली. जाताना दोघी दारात बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

नव्या घरात पप्पांनी पहिल्यांदा मारलं तेव्हा टीव्ही चालू होता. त्यांनी उठून तो बंद केला.

तेव्हापासून त्यांना घाई राहिली नाही. थोडं मारायचे, थांबायचे, पाणी प्यायचे, काय चुकलं ते समजावून सांगायचे, पुन्हा मारायचे. भिंतींना पाणी मारायचा हिरवा पाईप कापून त्याचा हातभर तुकडा त्यांनी खुंटीला टांगला होता. तो उघड्या अंगावर लागला की आधी पांढरा पट्टा उठतो आणि मग हळूहळू लाल होतो. आई सुरुवातीला ओरडायची. मग तिनं ओरडणं सोडलं, कारण ओरडण्यात दम जायचा. मी मध्ये पडले तर मलाही बसायचं. एकदा माझी करंगळी सुजून आठ दिवस वाकली नाही, तेव्हा आईनं मला शपथ घातली. ‘तू मागे जाऊन भांडी घासत बस. येऊ नको मध्ये.’ मी भांडी घासायचे. घासलेलीच पुन्हा घासायचे.

मळ्यातल्या मावशींची आणि आईची ओळख भाजीच्या निमित्तानं झाली. पन्नाशीच्या असतील, काळ्या, उंच, कासोटा मारून कामाला उभ्या. दोन सुना हाताखाली. सकाळी झेंडू तोडून टोपल्या भरायच्या आणि टेम्पो बाजारात गेला की निंदायला बसायच्या. एकदा आई मेथी घ्यायला वाकली आणि पदर सरकला. मावशींनी बघितलं.

‘काय हाय ते?’

‘पडले.’

‘पडल्यानं पट्टे उठत नाय, बाई.’

आईनं पदर ओढून घेतला. मावशींनी जुडीत अजून मूठभर मेथी घातली. ‘हाक मारत जा. दुपारचं वारं तिकडून आमच्याकडं येतं. फक्त मोटार चालू असली तर ऐकू नाय येत.’

तेव्हापासून विहिरीवरची मोटार कधी चालू होते, कधी बंद होते, याकडे आईचा कान असायचा. लोडशेडिंगमुळे वीज आज सकाळी, उद्या दुपारी. वीज नसली की ती जरा मोकळी असायची, पप्पांना उलट उत्तरही द्यायची. मोटार सुरू झाली की ती घरात हळू चालायला लागायची.

मी नववीत असताना आईनं एक गोष्ट परस्पर केली. पुढची खोली भाड्यानं द्यायचं तिच्या मनात होतं. पप्पांना तिनं दोनदा सुचवलंही होतं. त्यांनी हो-नाही काही म्हटलं नव्हतं. अंबडच्या कारखान्यात काम करणारं एक नवं जोडपं तिनं शोधलं आणि शनिवारी, पप्पांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांना खोली बघायला बोलावलं. मुलगी माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. तिला खोली आवडली. पप्पा त्यांच्याशी इतके छान वागले, की मला बरं वाटायला लागलं. त्यांनी खिडक्या उघडून दाखवल्या, वारा कुठून येतो ते सांगितलं, चहा प्यायला लावला. रस्त्यापर्यंत पोचवायला गेले.

मी मागच्या बाजूला कपबशा विसळत होते. पप्पा परत आले, पुढच्या लोखंडी दाराला आतून कडी घातली, स्वयंपाकघरात येऊन मागचंही दार लावलं. मी बाहेरच राहिले.

‘कोणाच्या जिवावर भाडेकरू ठेवते? साक्षीदार हवेत तुला?’

मी खिडकीतून बघितलं. या वेळी पाईप नव्हता. त्यांनी तिचे केस धरून तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि पुन्हा. कडाप्प्याच्या कडेवर ते वाजलं तो आवाज मी लिहू शकत नाही. ती खाली पडली तेव्हा तिच्या डाव्या हातावर त्यांनी पाय दिला. ती हाक मारायला तोंड उघडत होती आणि तोंड नीट उघडत नव्हतं. विहिरीवर मोटार चालू होती.

मी पळाले. कोबीच्या वावरातून, अनवाणी. मावशी आणि त्यांच्या सुना टेम्पोत झेंडूचे क्रेट चढवत होत्या. मी काय बोलले ते आठवत नाही. मावशींनी मोटारीशेजारची पहार उचलली. सुनांच्या हातात विळे होते, ते तसेच घेऊन त्या पळत सुटल्या.

पुढचं लोखंडी दार पप्पांनी स्वतः उभं राहून बनवून घेतलं होतं. मावशी पहारीचे घाव घालत होत्या आणि पत्र्याला नुसते पोचे पडत होते. आतून पप्पा ओरडले, ‘हा आमच्या घरातला मामला आहे. निघा इथून!’

‘घर तुझं असंल,’ मावशी ओरडल्या, ‘पण तिचा जीव तुझा नाय. उघड!’

आतून आईचा आवाज येत नव्हता. मी घराच्या बाजूच्या जिन्यानं स्लॅबवर गेले. का गेले, ते मला नेमकं सांगता येत नाही. दार उघडत नव्हतं आणि मला उभं राहवत नव्हतं. वर पप्पांनी पुढच्या मजल्यासाठी विटा रचून ठेवल्या होत्या. मी एक उचलली आणि कडेला आले. खाली बरोबर दाराची पायरी होती.

दार उघडलं. पप्पा बाहेर आले ते हातात सळई घेऊन. त्यांनी ती मावशींवर उगारली. मावशी मागे सरकल्या, त्यांचा पाय अडखळला. मी वीट सोडली.

ती पप्पांच्या मानेशी, खांद्यावर बसली. ते गुडघ्यांवर आले, मग आडवे. सळई घरंगळत अंगणात गेली. त्यांचा उजवा हात पायरीच्या कडेवर पसरला होता. पडताना फुटलेल्या कपाळातून रक्त येत होतं, पण ते शुद्धीवर होते, उठायला बघत होते. माझ्या हातात दुसरी वीट होती. ती मी कधी उचलली, आठवत नाही. मावशींनी वर बघितलं. ‘बास, पोरी! ठेव खाली!’

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. मावशींचा चेहराही मला स्पष्ट दिसत होता. आणि मी नेम धरून वीट टाकली. ती पप्पांच्या हातावर पडली.

पहिल्या विटेबद्दल मला कधी काही वाटलं नाही. दुसरीबद्दल मी वीस वर्षं विचार करते आहे.

पप्पा ओरडले तसं माणूस ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची पहिली दोन बोटं पायरीवर चिरडली होती. दारात आई आली होती, चौकटीला धरून. जबडा एका बाजूला सरकलेला, एक डोळा बंद, डावा हात लोंबत होता. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे. ती रागावली होती की घाबरली होती, ते त्या चेहऱ्यावरून कळायचं राहिलं नव्हतं.

गाडी एकच होती. झेंडूचा टेम्पो. मावशींच्या सुनांनी अर्धे क्रेट खाली फेकले आणि दोघांनाही मागे घातलं. आई एका बाजूला, मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून. पप्पा दुसऱ्या बाजूला, क्रेटना टेकून, हात फडक्यात गुंडाळलेला. मध्ये मी. रस्त्याच्या खड्ड्यांनी फुलं उडून आमच्यावर पडत होती. एका खड्ड्यात पप्पा कळवळले, आणि आईनं चांगला हात लांब करून त्यांच्या पाठीमागचा क्रेट घट्ट धरला, हलू नये म्हणून. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला, की मी तोंड फिरवलं.

दवाखान्यात पप्पा म्हणाले, ‘स्लॅबवरून विटा पडल्या. दोघांच्या अंगावर.’ मावशी डॉक्टरांना म्हणाल्या, ‘याच्या अंगावर पडल्या. हिला यानं मारलंय.’ नंतर एक हवालदार आला. त्यानं पप्पांना विचारलं, वीट कुणी टाकली? मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. पप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘पडली,’ ते म्हणाले. हवालदारानं पुन्हा विचारलं. ‘सांगितलं ना, पडली.’ ते त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. असा माणूस आपल्याला वाचवतो तेव्हा त्याचं काय करायचं?

आईचा जबडा तारेनं बांधला. पाच आठवडे ती बोलू शकत नव्हती. मामा दिंडोरीहून आला, आधी म्हणाला की झालं-गेलं मिटवून टाकू, पोरीच्या लग्नाचं पुढे बघायचं आहे. मग त्यानं आईचा चेहरा जवळून बघितला आणि स्टुलावर बसून राहिला. आईनं माझी शाळेची वही मागितली. उजव्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मी त्या घरात जाणार नाही.’ मामानं ते वाचलं. ‘नको जाऊस, अक्का,’ म्हणाला, आणि रडायला लागला.

आम्ही चार महिने मळ्यात राहिलो, मावशींच्या घरामागच्या खोलीत. तिथून आमचं घर दिसायचं. पप्पा दवाखान्यातून परत येऊन एकटे राहायला लागले होते. संध्याकाळी तिथं एक दिवा लागायचा. मावशींचे मुलगे आणि नातेवाईक येऊन पप्पांना काहीतरी बोलून गेले होते. ते मळ्याच्या बांधापर्यंतही कधी आले नाहीत. दोन बोटं काढावी लागली. लेथवर त्यांना उभं करणं कंपनीला जमेना. त्यांना स्टोअरमध्ये टाकलं, नट-बोल्ट मोजून द्यायला.

हाताचं प्लॅस्टर निघाल्यावर आईला अंबडला एका पॅकिंगच्या कामावर जागा मिळाली. आम्ही पुन्हा सिडकोत भाड्याची खोली घेतली. मी डिप्लोमा केला, नोकरीला लागले. असं सात-आठ वर्षं चाललं. मग कर्ज मिळण्यासारखी परिस्थिती झाली आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला.

गंमत अशी की या वेळी बांधायच्या बाजूनं मी होते. माझ्या ऑफिसातले सगळे सांगत होते, मखमलाबादकडे अजून प्लॉट परवडतात, जुन्या फ्लॅटमध्ये पैसे घालणं म्हणजे दुरुस्त्या विकत घेणं. मीही तेच बोलत होते. आणि बोलता बोलता एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी पप्पांचेच शब्द वापरते आहे. तोच आवाज, तेच मुद्दा खोडणं. आई समोर भाजी निवडत बसली होती आणि तिचे खांदे किंचित वर आले होते.

मी थांबले. मग विचारलं, ‘तू तेव्हाच मामाला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं की,’ आई म्हणाली. ‘शेजार हवाय म्हटलं.’

‘तेवढ्यावरून त्याला काय कळणार?’

‘तुला कळलं होतं ना?’

मी अकरा वर्षांची होते आणि मला कळलं होतं.

आम्ही जुना फ्लॅट घेतला. दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, मजल्यावर चार घरं. बाथरूमच्या भिंतीला ओल, खिडक्यांचा रंग उडालेला. एजंट बिचारा वरमून सांगत होता, ‘काकू, इथं जरा गजबज असते हं. पोरं जिन्यात खेळतात, दारं उघडीच असतात सगळ्यांची.’ आईनं लगेच चाव्या मागितल्या. पहिल्या वर्षी आम्ही ओल काढली, नळ बदलले. जेवढ्यात घेतला त्यावर बराच खर्च झाला. ऑफिसातले म्हणत होते ते खोटं नव्हतं.

राहायला गेल्यावर पाच-सहा महिन्यांनी पप्पा आले. पत्ता मामाकडून मिळाला असणार. दुपारची वेळ होती. दार उघडंच होतं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, खूप बारीक झालेले, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. समोरच्या घरातली बाई आपल्या दारात गहू पाखडत बसली होती; तिनं सूप थांबवलं आणि बघत राहिली.

‘तिकडे आता वस्ती झाली,’ पप्पा आईला म्हणाले. ‘दोन्ही बाजूंना बंगले झाले. रस्ता डांबरी झाला. तुला हवा होता तसा शेजार आहे.’

आई उंबऱ्याच्या आत उभी होती.

‘घर तसंच आहे. कुठे तडा नाही.’

‘बरं आहे,’ आई म्हणाली.

ते तिच्या मागे, आत बघत होते. छताकडे, खिडकीच्या वर उठलेल्या पापुद्र्याकडे. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते विटेचं बोलतील. इतक्या वर्षांनी म्हणतील. मी ऐकून घ्यायला तयार होते, अगदी खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं. पण ते म्हणाले, ‘त्या खिडकीवर पाणी मुरतंय. पावसाआधी बघून घे.’

‘बघते,’ मी म्हटलं.

आईनं दाराला हात लावला. लोटलं नाही, नुसता हात ठेवला. ‘या आता,’ म्हणाली.

ते वळले. समोरच्या बाईनं पाय आवरून त्यांना वाट करून दिली. ते जिना उतरून गेले, आणि ती बाई आईला म्हणाली, ‘कोण हो? पाहुणे?’

‘नाही,’ आई म्हणाली, ‘पोरीचे वडील.’ आणि तिच्याशेजारी दारात बसून गव्हातले खडे वेचायला लागली.